वकीलसाहेब वर चढले

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाइतका मनापासून खटले हरणारा वकील अमरावतीच्या कोर्टाने आजवर पाहिलेला नाही, आणि यापुढे पाहील असंही मला वाटत नाही. हरतात सगळेच. कुणाची तयारी कमी पडते, कुणाचा साक्षीदार ऐनवेळी फुटतो. आमचा मेहुणा मात्र समोरच्याचं म्हणणं पटलं म्हणून हरायचा. मोर्शीकडच्या एका संत्रा बागायतदाराचा बांधावरून चाललेला दावा त्याच्याकडे होता. उलटतपासणीसाठी शेजारचा बागायतदार पिंजऱ्यात उभा राहिला. मेहुण्याने दोनचार प्रश्न फार धारदार विचारले, मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर कौतुक पसरत गेलं, आणि शेवटी हातातले कागद टेबलावर ठेवून तो भर कोर्टात म्हणाला, "हो, हे मात्र तुमचं बरोबर आहे." मागच्या बाकावरचा त्याचा स्वतःचा अशील ताडकन उभा राहिला आणि त्याने थेट न्यायाधीशांनाच विचारलं, "सायेब, हा माहा वकील हाये का त्याचा?" न्यायाधीशांनी हसू दाबत पुढची तारीख दिली. मेहुण्याला त्या प्रश्नाचा राग आला नाही. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "भाऊजी, त्याचाही मुद्दा बिनतोड होता."

वाद घातल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे, आणि पुष्कळदा वादापायी अन्न समोर येतही नसे. तुम्ही त्याच्याशी असहमत असलात तर तो तास तास भांडे. पण तुम्ही थकून "बरं बाबा, तुझंच खरं" म्हणालात की त्याला तुमच्या सोडून दिलेल्या बाजूची दया येई आणि तो ती उचलून धरे. एकदा संध्याकाळी आम्ही दोघे गिला वडा खायला गेलो. गाडीभोवती ही गर्दी. याने गाडीवाल्यासमोर मुद्दा काढला, की वडा हा मुळात कुरकुरीत पदार्थ आहे, तो दह्यात बुडवल्यावर त्याला वडा म्हणणं कितपत योग्य? गाडीवाल्याला दहा प्लेटा भरायच्या होत्या. तो म्हणाला, "बरोबर आहे सायेब, नाई हा वडा. घ्या, खा." झालं. मेहुण्याने प्लेट खाली ठेवली. "असा कसा वडा नाही? भिजल्याने मूळ स्वरूप जातं का? माणूस भिजला तर माणूस राहत नाही का?" मागची रांग रस्त्यावर आली. शेवटी गाडीवाल्याने झारा त्याच्यापुढे धरला आणि म्हणाला, "तुमी इकून आत या, मी भाईर उभा राह्यतो." आम्ही त्या दिवशी उपाशी परतलो, आणि वाटेत गाडीवाल्याचा मुद्दा किती रास्त होता हे मला ऐकावं लागलं.

हा मुलगा ज्या घरात जन्मला ते घर वाद जिंकण्यावर चालत होतं. माझे सासरे अमरावतीतले जुने दिवाणी वकील. मी त्यांना मामाजी म्हणतो. त्यांच्या बोलण्यातल्या वाक्यांनासुद्धा क्रमांक असतात. सासूबाईंकडे चहा मागतानाही ते "एक, चहा झालेला नाही, दोन, तो चार वाजता होतो, तीन, आता सव्वाचार झालेत" अशा रीतीने मागतात, आणि सासूबाई "चार, दूध नासलं" असं म्हणून निकाल देतात. मुलगा आपल्या ऑफिसातली शेजारची खुर्ची चालवणार हे मामाजींनी तो शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं. खुर्ची घेऊनही ठेवली होती. मुलगा तिच्यावर बरीच वर्षं बसला, आलेल्या पक्षकारांना त्यांच्या प्रतिपक्षाची बाजू समजावून सांगत राहिला, आणि ते एकेक करून जिना उतरून गेले.

मग ते दर्यापूरचं कमिशन आलं. जागेचा वाद असला की कोर्ट एखाद्या वकिलाला कमिशनर नेमून प्रत्यक्ष पाहणीला पाठवतं. दर्यापूरच्या बाहेर सोयाबीन ठेवायचं एक मोठं गोदाम उभं राहत होतं आणि शेजाऱ्याचं म्हणणं होतं, की त्याची एक बाजू आपल्या जमिनीत घुसली आहे. मेहुण्याने जायचं, टेप लावायची, दोघांच्या सह्या घ्यायच्या, नकाशा काढायचा आणि परत यायचं, इतकंच काम. पण गोदामाचं दुसरं टोक अजून उभारलं जात होतं. क्रेन लोखंडी तुळया वर उचलत होती आणि माणसं त्या वरच्या वर जोडत होती. त्यांचा म्होरक्या बुटका, पिळदार, आवाजाने सबंध दर्यापूर जागं ठेवेल असा गृहस्थ होता. सगळे त्याला उस्ताद म्हणत. मेहुण्याने त्याला विचारलं, वरून हद्द जास्त स्पष्ट दिसेल का? उस्तादला वाटलं, काळ्या कोटाची जरा गंमत करावी. त्याने डोक्याला हेल्मेट आणि कमरेला पट्टा बांधून याला शिडीने वर नेलं. अर्ध्यात रडेल आणि उतरेल, असा त्याचा अंदाज. मेहुणा वर गेला आणि संध्याकाळपर्यंत खाली आला नाही. दोन्ही पक्षकार सह्या करायला खाली ताटकळत उभे, आणि कमिशनर वर बसून बोल्ट आवळणाऱ्या माणसांकडे बघतोय.

मी अकोल्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. दर्यापूरहून अमरावतीला परत जाण्याऐवजी तो उलट दिशेच्या जीपमध्ये बसून आमच्याकडे आला. कोटावर गंजाचे डाग, तळहात खरचटलेले, आणि चेहरा असा शांत, की माझ्या बायकोने आधी ताप बघितला. जेवताना तो बराच वेळ गप्प होता. ही गोष्ट आमच्या घरात इतकी नवी होती, की आम्हीही गप्प झालो. मग म्हणाला, "भाऊजी, तिथं वाद नाही."

"मिटला?" मी विचारलं.

"जमिनीचा नाही हो. तो चालू राहील. मी वरचं सांगून राहिलोय. दोन तुळयांची भोकं समोरासमोर आली तर बोल्ट जातो. नाही आली तर नाही जात. एका दृष्टीने आली आहेत असं तिथं कुणीच म्हणत नाही."

"मग तू काय करतोस म्हणतोस?"

"शिकतो म्हणतो."

उस्ताद ज्या कंपनीत होता, तिचं अकोल्याच्या एमआयडीसीत आवार होतं. कारखान्यांच्या शेड, गोदामं, जिनिंगचे मांडव असे लोखंडी सांगाडे तयार करून जागेवर उभे करायचे, हा तिचा धंदा. ती शिकाऊ उमेदवार घेई, आणि शिकण्याच्या काळात विद्यावेतन देई. या विद्यावेतनाचं मेहुण्याला केवढं अप्रूप! "कोर्टात ज्युनिअर म्हणून इतकी वर्षं शिकलो, कुणी एक चहा पाजला नाही. इथं शिकतो म्हणून पगार देऊन राहिलेत! चूक तर नाही ना झाली त्यांची?" तिथल्या साहेबाने अर्ज बघून चष्मा पुसला. "एलएलबी? तुम्ही नोटीस द्यायला आलात का?" मग म्हणाला, उमेदवार म्हणून वय जरा जास्त आहे. तेव्हा मेहुण्याने कायदा किमान वय सांगतो, कमाल सांगत नाही, हे इतक्या मुद्देसूदपणे मांडलं, की साहेबाने करारपत्रच मागवलं. वकील म्हणून त्याने निर्भेळ जिंकलेलं ते पहिलं प्रकरण, आणि ते त्याने वकिली सोडण्यासाठी जिंकलं. करारपत्र पुढ्यात आल्यावर त्याने त्यातल्या भाषेच्या आणि कलमांच्या चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या. साहेबाने नवीन प्रत काढायला वेळ नाही म्हटल्यावर, "तुमचंही बरोबर आहे," म्हणून चुकीच्याच प्रतीवर सही केली.

अमरावतीत मात्र आभाळ कोसळलं. मामाजींनी मला फोन केला. "एक, लोखंडाचं काम म्हणजे तो दुकान टाकतोय का? दोन, नसेल तर नेमकं काय करतोय?" मी सांगितलं. पलीकडे तिसरा क्रमांक आलाच नाही. त्या दिवसापासून त्यांनी मुलाशी बोलणं थांबवलं, आणि बाररूममध्ये कुणी विचारलं तर "स्टील लाइनमध्ये गेलाय" एवढंच सांगू लागले. नातेवाइकांनी त्यातून आपापल्या परीने अर्थ काढला. सासूबाईंच्या एका जावेने तर डब्यांचा सेट सवलतीत मिळेल का म्हणून विचारणा केली. त्याच सुमारास अचलपूरचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलीकडची मंडळी अमरावतीच्या घरी आली, त्यांनी मुलाला "स्टीलमध्ये नेमकी पोस्ट काय?" असं विचारलं. सासूबाईंनी डोळ्यांनी केलेल्या सगळ्या खुणा बाजूला सारून याने पिशवीतून हेल्मेट काढलं आणि कांदेपोह्यांच्या बशीशेजारी ठेवलं. मंडळी पोहे न संपवता अचलपूरच्या बसला गेली. सासूबाई डोळ्याला पदर लावून बसल्या, तर हा त्यांनाच समजावू लागला, "आई, त्यांच्या बाजूने विचार कर. मुलीचा बाप आहे तो."

शिक्षणाच्या काळात तो आमच्याकडेच राहिला. सुरुवातीचे महिने त्याला वर चढू दिलंच नाही. आवारात बसून नट-बोल्ट मापाप्रमाणे वेगळे करायचे, पाने पुसायचे, दोर गुंडाळायचे. उस्ताद दर्यापूरकडच्या खेड्यातला. आपण अर्धा विदर्भ उभा केला आणि उरलेला अर्धा दुसऱ्यांनी वाकडा उभा केला, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. सकाळी मेहुण्याने "जय भीम, उस्ताद" म्हटलं, की तो "जय भीम, वकीलसायेब, आता तोंड बंद" म्हणे. याला पकडून त्याने पहिल्याच आठवड्यात सुनावलं होतं. "माही पोट्टी अमरावतीले वकिली शिकून राह्यली, अन् तुमी वकिली सोडून माह्या मांगं लागले! लोक काहून असे असतात बाप्पा?" मेहुण्याने आपली कायद्याची सगळी पुस्तकं त्या मुलीला द्यायचं ठरवलं. पुस्तकं मामाजींच्या कपाटात होती, म्हणून ती काढायचं काम माझ्यावर आलं. मामाजींनी एकेक पुस्तक माझ्या हातात देताना माझ्याकडे पाहिलं नाही. एक जाडजूड पुस्तक मात्र परत कपाटात ठेवलं आणि शेजारचं नवंकोरं काढून दिलं. "ती आवृत्ती जुनी आहे. सांगा तिला."

बोल्ट निवडता निवडता मेहुणा बोल्टांशीच बोलायला लागला. जित्या माणसांनी ऐकणं बंद केल्यावर दुसरं काय करणार? एखाद्या बोल्टवर नट नीट फिरला नाही की तो त्याला समोर धरून विचारे, "तुमचे आटे झिजले आहेत, हे खरं आहे का? हो किंवा नाही मध्ये उत्तर द्या." उस्तादने ते ऐकलं. "वकीलसायेब, बोल्टाले काय विचारून राह्यले? तो सांगते का? बोटानं पाहा!" मेहुण्याने बोटाने पाहिलं, आणि मग पाहतच राहिला. हळूहळू त्याचा हात जिभेपेक्षा पुढे गेला. पुढे त्याला वर घेतलं तेव्हा त्याच्या कमरेला पाना आणि टॉमी लटकू लागली. टॉमी म्हणजे टोकाकडे निमुळती होत गेलेली लोखंडी कांब. दोन तुळयांची भोकं थोडी मागेपुढे असली की ती आत घालून दाबायची, म्हणजे भोकं जुळतात. ही वस्तू त्याला फार आवडली. "भाऊजी, समेट म्हणतात तो हा," तो म्हणायचा. त्याची कोर्टाची भाषा मात्र सुटली नाही. क्रेनने भलत्याच कोनात तुळई आणली की तो वरून ओरडे, "हरकत आहे!" काही दिवसांत ती सगळ्या पथकाची भाषा झाली. एखादा फिटर पाणी मागे आणि दुसरा "मंजूर" म्हणून बाटली वर पाठवी.

घरी याचा परिणाम असा झाला, की आमच्याकडे एकही वस्तू सैल राहिली नाही. कामावरून आला, आंघोळ केली, की तो पाना घेऊन घरभर फिरे. कुरकुरणारा पलंग मुका झाला. पंखा इतका आवळला गेला, की तो फिरताना लाजल्यासारखा वाटे. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला बायको मला हाक मारी, मी शेजाऱ्यांना, आणि शेजारी शेवटी त्यालाच. शेजारच्या आजोबांच्या आरामखुर्चीचे स्क्रूही त्याने प्रेमाने पिळले. पुढे कित्येक दिवस ती घडी होईना, आणि आजोबा रात्री ती तशीच अंगणात सोडून झोपायला जात. मी तक्रार केली तर म्हणाला, "सैल होती, भाऊजी. पडले असते." त्यात वादाचा सूरही नव्हता. मला जरा चुकल्यासारखं झालं.

मग मोर्शीचा प्रसंग घडला. मोर्शीजवळ संत्र्यांची प्रतवारी आणि पॅकिंग करायची एक मोठी शेड उभारत होते. मे महिना. वऱ्हाडातला मे, म्हणजे सकाळी अकरानंतर लोखंडाला हात लावायची सोय नाही. काम पहाटे सुरू होई आणि ऊन चढलं की थांबे. त्या दिवशी शेवटची मोठी तुळई चढवायची राहिली होती, आणि दुसऱ्या दिवशी मालकाचे पाहुणे येणार होते. कंपनीचा मॅनेजर सकाळपासून घाई करत होता. तुळई जमिनीवर दोर बांधून तयार होती, क्रेनचा हूक वर झुलत होता. मेहुणा दोराच्या गाठी तपासत होता, तेवढ्यात त्याला सातपुड्याच्या बाजूला धुळीचा एक पट्टा उठलेला दिसला. शेजारच्या बागेच्या कुंपणावरचं फाटकं प्लॅस्टिक सळसळलं. वाऱ्यात एवढं लांब लोखंड हवेत न्यायचं नाही, हा नियम त्याला शिकवला होता तो उस्तादनेच. तो म्हणाला, "थांबू या."

मॅनेजर म्हणाला, "कशासाठी? कुठं आहे वारा?"

"येऊन राहिला."

उस्तादनेही डोंगराकडे नजर टाकली. तो आधीच वर चढून जोडाशी बसायला निघाला होता, त्यालाही काम उरकायचं होतं. म्हणाला, "काई नाई होत. लांब हाये ते. उचला. मी वर जातो."

आता याच्या जागी जुना मेहुणा असता तर त्याने तासभर युक्तिवाद केला असता आणि शेवटी मॅनेजरची बाजू घेतली असती. हा सरळ तुळईपाशी गेला, आपल्या पट्ट्याचा हूक तिच्यावर बांधलेल्या दोरात अडकवला आणि त्या तापलेल्या लोखंडावर गोणपाट टाकून बसला. आता तुळई उचलायची तर याच्यासकट उचलावी लागणार. मॅनेजर ओरडला, "हे काय चाललंय?"

"स्थगिती," तो म्हणाला.

मॅनेजरने शिव्या दिल्या. उस्तादने त्याहून जास्त दिल्या, आणि त्याच्या अस्सल वऱ्हाडीपुढे मॅनेजरच्या शिव्या अगदीच पुस्तकी वाटल्या. फिटर मंडळी सावलीला जाऊन बसली. कुणी त्याला पाणी दिलं, त्याने घेतलं. कुणी म्हणालं, "वकीलसायेब, नोकरी जाईन तुमची," तेव्हा फक्त मान हलवली. सगळे डोंगराकडे बघत राहिले. धुळीचा पट्टा थोडा वर चढला, थोडा पसरला, आणि विरून गेला. कुंपणावरचं प्लॅस्टिक निपचित पडलं. मोर्शीच्या त्या शेडवर त्या दिवशी वाऱ्याची झुळूकसुद्धा आली नाही. दुपार झाली, ऊन असं पेटलं, की काम बंद करण्यावाचून इलाज उरला नाही, आणि क्रेन परत गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच तुळई वर चढली, भोकं पहिल्या झटक्यात जुळली. पाहुणे यायच्या आत सगळं आटोपलंही. चढवायला मेहुणा मात्र तिथे नव्हता. त्याला मॅनेजरने अकोल्याच्या आवारात परत पाठवलं होतं, बोल्ट निवडायला.

तो आमच्याकडे परत आला तेव्हा मी मुद्दाम म्हणालो, "म्हणजे तू चुकलास." मला त्याला जरा चेतवायचं होतं. त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "वारा आला नाही, एवढंच झालं," तो म्हणाला आणि जेवत राहिला. पण त्याचे खांदे पडलेले होते. बोल्ट निवडायला बसवल्याचं त्याला दुःख नव्हतं. उस्ताद त्याच्याशी बोलेनासा झाला होता. एका बापाचं न बोलणं त्याने निभावून नेलं होतं. दुसरं झेपत नव्हतं.

एका रविवारी दुपारी दारात उस्ताद उभा. हातात संत्र्यांची पिशवी. मोर्शीच्या मालकाने दिलेली, संत्र्यांचा हंगाम नसताना कुठून आणली कोण जाणे. बसला, पाणी प्यायला आणि माझ्या बायकोला उद्देशून, मेहुणा तिथे नाहीच अशा थाटात, मोठ्याने सांगू लागला. "ताई, तुमच्या या भावानं माही इज्जत घालवली. समद्यांसमोर. मीच शिकवलं अन् मलेच अडवलं. अन् हवा? हवा आलीच नाई! काहून नाई आली, सांगू? हवा आली असती, तं यानं जिंदगीभर 'मी म्हनलं होतं' म्हनून डोकं खाल्लं असतं. त्या डरानं नाई आली ती." बायको हसली. मी हसलो. मेहुणा मान खाली घालून बसला होता. उस्तादने चहाचा कप बशीत ठेवला, आणि त्याचा तो सबंध दर्यापूर जागं करणारा आवाज एकदम उतरला. "पन ताई, आता मी वर चढलो का आधी खाली पायतो. हा तिथं नसला तं मले वर करमत नाई. मॅनेजरले सांगून आलो, माह्या पथकात तोच पायजे. नाई तं मीबी बोल्ट निवडत बसतो." मग मेहुण्याकडे वळून म्हणाला, "उद्या पहाटे या, वकीलसायेब. अन् तोंड बंद."

दिवाळीत अमरावतीला गेलो तेव्हा मामाजींनी मला ऑफिसात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. सासूबाईंकडून त्यांच्या कानावर काहीतरी गेलं होतं. मला समोर बसवून त्यांनी मोर्शीच्या प्रकरणाची उलटतपासणी सुरू केली. वाऱ्याचा पुरावा काय होता? प्लॅस्टिक हललं ते कुणी कुणी पाहिलं? मॅनेजरचे शब्द काय? मी जमेल तशी उत्तरं दिली.

"आणि वारा आला?"

"नाही."

"दुपारपर्यंत?"

"नाही, मामाजी."

"त्याला दिसलं असेल की वारा येत नाहीये."

"दिसलं असेल."

"तरी उठला नाही?"

"नाही."

मामाजी शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बाजू बदलली नाही." मला वाटलं, आता दुसरा मुद्दा येईल. ते उठले आणि दिवा बंद करून आत निघून गेले. त्या दिवाळीत बापलेक एकाच पंगतीला बसले. मामाजी म्हणाले, "त्याला चकली वाढा." एवढंच. सासूबाईंनी डबाच त्याच्या ताटात उलटा केला.

उमेदवारी संपली. कंपनीने त्याला कामावर कायम केलं आणि गुजरातेत समुद्राकाठच्या एका मोठ्या कामावर पाठवलं. आता तो तिकडेच असतो. फोन करतो, फोटो पाठवतो. त्यात बहुतेक आकाश असतं आणि कोपऱ्यात त्याचा बूट. पण बोलणं कमी झालंय. मागे आला होता तेव्हा मी त्याला डिवचायला म्हणून म्हटलं, की अमरावतीपेक्षा अकोल्याचं ऊन सुसह्य आहे. इतकं धडधडीत खोटं बोलल्यावर पूर्वीचा मेहुणा दोन दिवस माझ्या घरी मुक्काम ठोकून लढला असता. तो म्हणाला, "असेल, भाऊजी." आणि खिडकीबाहेर बघत बसला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं आम्ही त्याने गप्प बसावं म्हणून काय काय केलं होतं!

गेल्या हिवाळ्यात मामाजींचा मला फोन आला. मोर्शीच्या कोर्टात एक तारीख आहे, गाडी ठरवली आहे, एकट्याला कंटाळा येतो, सोबत याल का? मी अमरावतीला जाऊन त्यांच्याबरोबर निघालो. तारीख पाच मिनिटांत आटोपली. परतताना ते ड्रायव्हरला म्हणाले, "ती संत्र्यांची शेड आहे ना, तिकडून घे. रस्त्यातच आहे." ती रस्त्यात नव्हती. गावाबाहेर उलट्या दिशेला बरंच आत जावं लागलं. फाटकाशी चौकीदाराने अडवलं. काळ्या कोटातला म्हातारा वकील बघून तो जरा घाबरलाही असावा. "काय काम हाये, सायेब? नोटीस हाये का?"

मामाजींनी गळ्याची पांढरी पट्टी सारखी केली. "नाही," ते म्हणाले. "माझा मुलगा इथं वर काम करत होता. लोखंडाचं."

चौकीदाराने फाटक उघडलं. आत संत्र्यांचा वास दाटला होता. बायका लांबलचक टेबलांपाशी उभ्या राहून फळं निवडत होत्या, क्रेट सरकत होते. वर पत्र्यांखाली काळ्या तुळया एकामागून एक पार टोकापर्यंत गेल्या होत्या. सगळ्या सारख्या, सगळ्यांवर एकच रंग. मामाजी बराच वेळ वर बघत उभे राहिले.

"यातली त्याची कुठली?" त्यांनी विचारलं.

मी शोधू लागलो. मग म्हणालो, "माहीत नाही, मामाजी. ओळखू येत नाही."

"हं," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. "मग सगळंच बघू."

आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान वर करून, ते शेडच्या एका टोकापासून चालू लागले.